स्मशानात ताडपत्री, चौकात सेल्फी पॉइंट

सकाळी दूध आणायला निघालो तर स्टँडच्या चौकात क्रेन. वाटलं, पाइपलाइन फुटली असेल. कसलं काय! 'आय लव्ह' आणि पुढे आमच्या गावाचं नाव. पुरुषभर उंचीची अक्षरं, आत लाइट, मध्ये लालभडक बदाम. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुमच्याही गावात असं एक असेलच.

मला तिथे उभ्या उभ्या अण्णा आठवले. येत्या आषाढात दोन वर्षं होतील. स्मशानातल्या शेडचे पत्रे आदल्या वर्षीच्या वाऱ्यात उडालेले. सरण रचून होईपर्यंत आम्ही चौघं ताडपत्रीची चार टोकं धरून उभे होतो. तीही मंडईतल्या भाजीवाल्या मामांची, गाड्यावरची सोडून आणलेली. अग्नी दिल्यावर ताडपत्री काढावीच लागली. लाकूड ओलं, वरून धार. संध्याकाळी परत जाऊन मी डिझेल ओतलं. स्वतःच्या बापावर. पुढचं लिहवत नाही.

गेल्या आठवड्यात शेजारच्या आजींच्या मयतीला गेलो. पत्रे अजून नाहीत!

दुपारी महाटेंडर्सवर, म्हणजे राज्य सरकारच्या ऑनलाइन टेंडरच्या साइटवर, शोधत बसलो. सापडलं. 'सेल्फी पॉइंट विकसित करणे व चौकाचे सुशोभीकरण करणे.' अनामत रक्कम, मुदत, तांत्रिक लिफाफा, आर्थिक लिफाफा, सगळं नियमात. पूर्वी कुणी न वाचणाऱ्या पेपरात नोटीस यायची आणि काम आधीच वाटलेलं असायचं. त्यापेक्षा हे बरं, एवढं कबूल. पण टेंडरमध्ये ठरतं ते कुणाकडून घ्यायचं. काय घ्यायचं, हे कोण ठरवतं? फेब्रुवारीत अर्थसंकल्पाची सभा होते तोवर यादी टाइप होऊन आलेली असते. टक्केवारीचे आकडे कट्ट्यावर शेंबड्या पोरालाही पाठ. ती यादी मात्र आजवर कुणी मागितली? मीही नाही.

74व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली. शहरांनी सांभाळायच्या 18 विषयांची यादी आहे ती. चौदावा विषय दफनभूमी, स्मशानभूमी आणि विद्युतदाहिन्या. बागा-मैदानं बाराव्या नंबरवर आहेत आणि तेराव्यात सौंदर्यदृष्टीही आहे, माहीत आहे मला, कमेंटमध्ये शिकवू नका. लाल बदाम मला कुठे दिसला नाही.

एका माजी नगरसेवक मित्राला फोन लावला. म्हणाला, "अरे, हा वैशिष्ट्यपूर्ण योजनेचा पैसा, खास कामांसाठी राज्य सरकारकडून येणारा. ज्या हेडचा निधी त्याच हेडला." बरं बाबा, मान्य. पण वर प्रस्ताव इथूनच जातो ना? तर हसला. "शेड बांधली तर उद्घाटनाला कुणाला बोलवू? स्मशानाची फीत कापतात का?"

फोन ठेवल्यावर हात थरथरत होते माझे. फीत नका कापू हो! नारळही नको, फ्लेक्सही नको. बारा पत्रे टाका फक्त.

(जेवून पुढचं लिहितोय.)

रात्री लेक म्हणाली, बाबा, तिकडे फोटो काढायला जाऊ. गेलो. ती बदामात बसून हसली, फोटो फार छान आलाय, खोटं कशाला बोलू. साडेनऊला त्या चौकात एवढ्या बायका-पोरं मी पहिल्यांदा पाहिल्या. उजेड आहे तिथे आता. सकाळचा राग तेवढा राहिला नाही. पण तिच्यामागे उभा राहून मी पत्रेच मोजत होतो.

सोमवारी माहिती अधिकाराचा अर्ज टाकतोय, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. यंदा नगरपरिषद काय काय घेणार, कुठली कामं काढणार, पूर्ण यादी द्या. खरं तर 2005च्या कायद्याचं कलम 4 सांगतं की नियोजित खर्च न मागताच जाहीर करायचा. ज्याला यायचंय त्याने अकराला नगरपरिषदेच्या पायरीवर या. नुसता अंगठा दाखवून जाऊ नका.

ती ताडपत्री अजून आमच्या माळ्यावर आहे. एका कोपऱ्याला जळालेली. मध्यंतरी मामांना नवी घेऊन द्यायला गेलो होतो, घेईनात. जुनी तरी परत आणतो म्हटलं तर म्हणाले, "राहू दे तुझ्याकडंच. पावसात कुणाला तरी लागंल."