प्लॅटिनमचं दुखणं

गाडी दोन माणसांची, इंजिन सहा सिलिंडरचं आणि कॅटकॉन दोन. कॅटकॉन म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, इंजिनाचा धूर स्वच्छ करणारा डबा. व्ही आकाराच्या इंजिनाला बहुधा दोन्ही अंगांना एकेक असतो, याचं मला दोन्ही एकदम बिघडेपर्यंत फार कौतुक होतं. आता डॅशबोर्डवर पिवळा दिवा जळतोय, स्कॅनर 'पी०४२०' आणि 'पी०४३०' अशी दोन्ही बाजूंची तक्रार मांडतोय आणि गाडी सुरू केली की पोटाखाली खुळखुळा वाजतो.

तो खुळखुळा म्हणजे कॅटकॉनच्या आतली तुटलेली सिरॅमिकची जाळी. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा लेप असतो. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तिच्यातून जाताना निवळतात. काम थोर आहे, पण तिन्ही धातूही थोरच. कंपनीच्या अस्सल जोडीचा भाव ऐकून मी विक्रेत्याला अदबीनं विचारलं, "यात गाडीही येते का?" तो हसला नाही. हा प्रश्न त्याला नवा नसावा.

स्वस्त उपाय सांगणाऱ्यांना मात्र तोटा नाही. एकानं पेट्रोलच्या टाकीत ओतायचं औषध सुचवलं. तुटलेली जाळी औषधानं सांधली जात असती, तर मी गुडघ्यांनाही तेच चोळलं असतं. दुसरा म्हणाला, "काढून टाक, सरळ पाइप लाव, गाडीला जोर येईल." अनेक देशांत हे बेकायदा आहे, शिवाय त्या धुरामागे गाडी चालवायची पाळी त्याच्यावर आलेली दिसत नाही. तिसऱ्याची युक्ती नामी: कॅटकॉनचं काम तपासणाऱ्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरखाली नळीचा तुकडा घालून त्याला धुरापासून जरा लांब सरकवायचं. दिवा विझतो, धूर तसाच राहतो. हा मित्र ऑफिसात अहवाल लिहितो, एवढं नोंदवून ठेवतो.

मोडीतल्या गाडीचा जुना कॅटकॉनही पाहिला. बाहेरून ठणठणीत, आत किती जीव उरलाय, ते तो सांगत नाही. आणि भंगारवाल्याला प्लॅटिनम कळत नाही, अशी आशा ठेवण्यात अर्थ नसतो.

राहता राहिले इतर कंपन्यांचे नवे कॅटकॉन. नटबोल्टांवर थेट बसणारे जरा महाग. पाइप कापून वेल्डिंगनं जोडायचे सर्वांत स्वस्त. पण ते इंजिनाच्या मापाचे हवेत आणि इंजिनापासून फार लांब नकोत, कारण सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापल्याशिवाय ही मंडळी कामाला लागत नाहीत. स्वस्तातल्यात मौल्यवान धातू बहुधा कमीच, म्हणून आयुष्यही बेताचं. उत्सर्जनाच्या नियमाची मान्यता असलेलाच घ्यायचा, हे मात्र मी ठरवलं.

मी खुशीत होतो. तेवढ्यात मेकॅनिकनं विचारलं, "साहेब, आधीचे गेले कशानं?"

कॅटकॉन सहसा आपल्या मरणानं मरत नाही म्हणे. मिसफायर झाला, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटलंच नाही, की ते कच्चं पेट्रोल कॅटकॉनमध्ये जाऊन पेटतं आणि जाळी वितळते; इंजिन ऑइल जाळत असेल तर लेपावर थर चढतो. मूळ दुखणं राहिलं तर नवे दोन्हीही त्याच वाटेनं जाणार. त्यामुळे माझ्या स्वस्त उपायाच्या यादीत आता सहा प्लग, सहा कॉइल, सेन्सरची तपासणी आणि एक्झॉस्टमधली गळती एवढं वाढलंय. मेकॅनिकचा राग येतो, कारण त्याचं बरोबर आहे.

सध्या गाडी जॅकवर आहे. गंजलेला सेन्सर आट्यांत इतका घट्ट बसलाय की तेल, पाना आणि शिव्या तिन्ही वाया गेले. "निघेल साहेब," मेकॅनिक खालून म्हणाला, "पण पाइपासकट."

म्हणजे आता पाइपाचा भाव काढणं आलं.