चित्र आहे म्हणून किल्ला बांधायचा?

रायगडावरचा राजवाडा पुन्हा उभारावा की अवशेष तसेच जपावेत, यावर आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर शिवजयंतीला जुंपते. २०२५ मध्ये बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून तर जास्तच. ‘तुमच्या युरोपात बघ, कसं सगळं पुन्हा बांधतात,’ हा टोमणा हमखास मला. म्हणून हे इथलं उदाहरण.

स्वित्झर्लंडमध्ये आल्प्सच्या कुशीत, ऱ्होन नदीकाठी सियों हे गाव आहे. गावाला लागून दोन टेकड्या. एकीवर वालेरचं तटबंदीतलं चर्च, दुसरीवर तुर्बियों हा बिशपचा किल्ला. सेबास्टियन म्युन्स्टर या जर्मन पंडिताच्या ‘कॉस्मोग्राफिया’ या जगाचं वर्णन करणाऱ्या ग्रंथाच्या १५५० च्या बाझेल आवृत्तीत या गावाचं लाकडी ठशाचं चित्र आहे. जुन्या नकाशांच्या दुकानांत त्याची सुटी पानं मिळतात, म्हणजे पुस्तक उसवून विकलेली. हा धंदा मला मुळीच पटत नाही, पण पान हातात आलं की सोडवतही नाही. उजेडात धरलं की पाठीमागचा मजकूर टेकड्यांमधून डोकावतो. ठशात रेघ उठून राहायची तर तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड कोरून काढावं लागतं, त्यामुळे नाजूक काम जमत नाही. खिडकी म्हणजे नुसता काळा ठिपका.

त्या चित्रात तुर्बियों धडधाकट आहे. मे १७८८ च्या आगीत तो जळाला. चित्र होतं, तरी गावाने किल्ला पूर्ववत केला नाही. भग्न अवशेष तेवढे सांभाळले.

मला ते बरोबर वाटतं. म्युन्स्टरने चित्रं त्या-त्या गावांकडूनच मागवली होती, आणि स्वतःचं गाव कोण कमी देखणं दाखवेल? त्याआधीच्या, १४९३ च्या न्यूरेंबर्गच्या इतिवृत्तात, म्हणजे जगाच्या सचित्र छापील इतिहासात तर ६४५ ठशांतून १८०९ चित्रं छापली. एकच ठसा वेगवेगळ्या शहरांच्या नावाने. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेलं वॉर्सा पुन्हा उभं राहिलं हे खरं, पण तिथे युद्धापूर्वीची मोजमापं होती.

रायगडाचे वाडे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफमाऱ्यात जळाले. उरली ती जोती, बखरी आणि १६७४ च्या राज्याभिषेकाला हजर असलेल्या ऑक्झिंडेन या इंग्रज वकिलाच्या नोंदी. त्यांवरून खांबाची नक्षी कोण ठरवणार? कंत्राटदार?

‘नुसती जोती बघून पोरांना काय कळणार,’ हे मावसभावाचं म्हणणं खोटं नाही. त्यासाठी खाली पाचाडला मोठी प्रतिकृती करा, चुकली तर बदलता येईल. गडावरचा पैसा टाकी, तट आणि पाण्याच्या वाटा दुरुस्त करण्यात घाला.