मालक डेंटिस्ट आहे हो, पण खुर्चीपाशी कोण आहे?

आमच्या सांगलीच्या घरच्या ग्रुपवर चार दिवस दातांवरून भांडण चाललंय. गावात एका चेनचं चकाचक डेंटल क्लिनिक उघडलं, पहिली तपासणी फुकट, आणि माझी आतेबहीण, जिचं स्वतःचं क्लिनिक आहे सोळा वर्षं, ती भडकली. पैसेवाला कुणीही उठतो नि दातांचा दवाखाना काढतो, अमेरिकेत बघा, डेंटिस्ट नसेल त्याला क्लिनिक काढताच येत नाही, असं तिचं म्हणणं. मग सगळ्यांनी मला टॅग केलं, सांग रे बाबा तुझ्या टेक्ससचं.

तर ताई, नियम तू म्हणतेस तसाच आहे. टेक्ससच्या कायद्यात दुसऱ्या डेंटिस्टला कामाला ठेवून दवाखाना चालवणं हीसुद्धा डेंटिस्ट्रीच धरलीय, म्हणजे लायसन नसेल तर मालक होता येत नाही. बहुतेक राज्यांत थोड्याफार फरकाने हेच. आणि तरी माझ्या घरापासून दहा मिनिटांच्या अंतरात चेनची चार डेंटल ऑफिसं आहेत. कारण दवाखाना कागदावर एका डेंटिस्टचा, आणि जागा, खुर्च्या, एक्सरे मशीन, रिसेप्शनवरची मुलगी, जाहिराती, बिलिंग हे सगळं एका मॅनेजमेंट कंपनीचं. डीएसओ, म्हणजे डेंटल सपोर्ट ऑर्गनायझेशन, म्हणतात तिला. ती दाताला हात लावत नाही, फक्त "सपोर्ट" देते नि फी घेते, आणि मागे बऱ्याचदा प्रायव्हेट इक्विटीचा, म्हणजे धंदे विकत घेऊन त्यावर नफा कमावणाऱ्या फंडांचा, पैसा असतो. टेक्ससच्या डेंटल बोर्डाने हे करार आवळायचा प्रयत्न केला तर २०१४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनच्या, म्हणजे बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, स्टाफनेच पत्र लिहून हरकत घेतली, म्हणे स्पर्धा कमी होईल. मग २०१५ मध्ये कायदा झाला तो एवढाच की या कंपन्यांनी राज्याकडे नोंदणी करायची. झालं.

आणि आपल्याकडे नियम नाही असं कुणी सांगितलं? १९४८ च्या डेंटिस्ट अ‍ॅक्टमध्येच कंपन्यांना दातांचा धंदा करायला मनाई आहे, सूट कुणाला तर जी कंपनी फक्त तेच काम करते आणि जिचे बहुसंख्य डायरेक्टर डेंटिस्ट आहेत तिला. त्याच्या जागी आणायचा नवा कायदा संसदेने २०२३ मध्ये केलाय. कागदावर आपण अमेरिकेच्या मागे वगैरे अजिबात नाही.

कागदावरचा मालक किती कामाचा असतो ते इथे अमेरिकेत २०१३ च्या सिनेटच्या एका रिपोर्टात आलंय. ग्रासली रिपब्लिकन आणि बॉकस डेमोक्रॅट, दोन्ही सिनेटरांनी मिळून काढलेला, विषय मेडिकेडवर, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्य योजनेवर, चालणारे मुलांचे चेन दवाखाने. त्यातल्या स्मॉल स्माइल्सच्या मॅनेजमेंट कंपनीने २०१० मध्ये २.४ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं होतं. आरोप काय, तर गरज नसताना लहान पोरांच्या दुधाच्या दातांची नस काढायची, वर स्टीलची कॅप बसवायची, आणि बिल सरकारला. या दवाखान्यांना डेंटिस्ट मालक होते बरं का! पण रिपोर्ट म्हणतो ते नावापुरते, खरा ताबा कंपनीचा.

मला यावरून आपल्याकडचं मेडिकलचं दुकान आठवतं. भिंतीवर फ्रेममध्ये फार्मासिस्टचं सर्टिफिकेट, काउंटरवर भलताच कुणीतरी, आणि तो फार्मासिस्ट आयुष्यात कधी दिसला नाही. महेश झगडे महाराष्ट्राच्या एफडीएचे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचे, आयुक्त असताना फार्मासिस्ट हजर नसला की कारवाई सुरू झाली तेव्हा केमिस्ट मंडळींनी लगेच बंदची भाषा केली. म्हणजे हजेरीचा नियम खरोखर लावला की दुखतं, मालकीचा लावला की कुणाला काही होत नाही. इकडे अमेरिकेत फार्मसीत उलट, मालक वॉलमार्ट असला तरी चालतो पण औषध द्यायला फार्मासिस्ट तिथे हवा. (नॉर्थ डकोटा तेवढं वेगळं, तिथे फार्मसीची बहुसंख्य मालकी फार्मासिस्टकडेच लागते, २०१४ मध्ये ते बदलायचं का म्हणून मतदान घेतलं तर लोकांनी नको म्हटलं.)

आता मी इथपर्यंत येऊन "हजेरीच महत्त्वाची" म्हणणार होतो, पण बायकोच्या मैत्रिणीने माझी पंचाईत केली. ती नागपूरची बीडीएस, इथे येऊन परत दोन वर्षं डेंटल स्कूल, डोंगराएवढं लोन, आणि नोकरी डीएसओत कारण व्हिसा तेच स्पॉन्सर करत होते. ती रोज हजर असते. पण सकाळी मीटिंगमध्ये पहिला आकडा येतो तो "प्रॉडक्शन"चा, म्हणजे काल कुणी किती डॉलरचं काम केलं. कागदावरचा मालक डॉक्टर तिने दोन वर्षांत दोनदा पाहिलाय. टार्गेटला नाही म्हणायचं तर व्हिसा डोळ्यांसमोर येतो. मलाही अशाच एका ठिकाणी साध्या क्लीनिंगला गेल्यावर डॉक्टरने दोन मिनिटं डोकावून चारही बाजूंचं डीप क्लीनिंग, म्हणजे हिरड्यांच्या खालपर्यंतची महागडी सफाई, लिहून दिलं होतं, दुसरीकडे दाखवलं तर म्हणाले काही गरज नाही, नीट ब्रश करा.

आणि हजेरीचा हट्ट सगळीकडे धरला तरी पंचाईतच. टेक्ससमध्ये हायजिनिस्ट, म्हणजे दात साफ करायचं शिक्षण घेतलेली पण डेंटिस्ट नसलेली, डॉक्टर ऑफिसात नसतानाही सोपवलेलं क्लीनिंग करू शकते. कोलोरॅडोत तर ती स्वतःचं ऑफिस काढू शकते, मिनेसोटाने २००९ मध्ये डेंटल थेरपिस्ट आणले ते साधं दात भरणं वगैरे करतात. डेंटिस्टांच्या संघटना याला पेशंटच्या सुरक्षेचं कारण देऊन विरोध करतात, मला त्यात धंद्याची काळजी जास्त दिसते. उद्या जतच्या एखाद्या गावात शिकलेली हायजिनिस्ट स्केलिंग करणार असेल तर करू दे की. फक्त दाढ काढायची का ठेवायची हे ठरवणारा माणूस कोण, त्याचं नाव पेशंटला कळलं पाहिजे आणि त्याचा पगार त्या "प्रॉडक्शन"च्या आकड्यावर नको.

म्हणून ग्रुपवर मी एवढंच सुचवलं की चेन असो नाहीतर घरचं क्लिनिक, बाहेर रोज लिहा आज आत कोण डॉक्टर आहे. सगळ्यांनी अंगठे दिले. मग सहज विचारलं, ताई, तू मंगळवार-गुरुवार मिरजेला असतेस तेव्हा सांगलीत खुर्चीवर कोण असतं गं, पाटीवर तर नाव तुझंच आहे.

ब्लू टिक आलीय कालच. उत्तर नाही.