मोबाईलवरून सुश्रूषा शिकवणे निरुपयोगी आहे काय? एका दाव्याचा प्रतिवाद

रुग्ण घरी गेल्यावर त्याची काळजी घेणाऱ्या नातेवाइकांना मोबाईलवर सूचना, चित्रफिती आणि औषधांच्या वेळांचे संदेश पाठवण्याच्या पद्धतीवर टीका करणारा एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: डिस्चार्जच्या वेळी डॉक्टर सारे सांगतातच, संशोधनात या संदेशांचा फायदा दिसलेला नाही, ज्येष्ठांना स्मार्टफोन हाताळता येत नाही, आणि रुग्णालयांनी अंग काढून घेण्याची ही सोय आहे.

पहिला मुद्दा टिकत नाही. डॉक्टर सांगतात हे खरे, पण ते ऐकणाऱ्याचे अर्धे लक्ष त्या वेळी बिलात आणि रुग्णाला गाडीपर्यंत कसे न्यायचे यात असते. डॉक्टरांनी दिलेल्या माहितीपैकी ४० ते ८० टक्के भाग रुग्ण लगेच विसरतात, असे नेदरलँड्समधील मानसशास्त्रज्ञ रॉय केसल्स यांनी २००३ साली उपलब्ध अभ्यासांच्या आधारे नोंदवले आहे. शिवाय खऱ्या शंका घरी पोहोचल्यावरच निघतात. कपाटात रक्तदाबाच्या गोळ्यांची जुनी पाकिटे असतात, नव्या चिठ्ठीवर तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावाने लिहिलेले असते आणि घरचे मनोभावे दोन्ही देत राहतात. दोन्ही पाकिटांचा फोटो परिचारिकेला पाठवता आला, तर तिला ही चूक मिनिटभरात दिसते. डिस्चार्जच्या वेळी कितीही समजावले असते तरी ती तेव्हा दिसली नसती, कारण जुने पाकीट तिथे नव्हतेच.

संशोधनाचा मुद्दा मात्र वजनदार आहे, आणि अर्धा खराही आहे. हृदय निकामी होण्याच्या विकारामुळे नुकतेच रुग्णालयात राहून आलेल्या १,६५३ रुग्णांवरील अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. स्वयंचलित दूरध्वनी यंत्रणेला रोज लक्षणे आणि वजन कळवूनही पुन्हा दाखल होण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण घटले नाही. मजकूर इथेच थांबतो. ही यंत्रणा ज्यांना दिली होती त्यांच्यापैकी १४ टक्के रुग्णांनी ती एकदाही वापरली नाही आणि शेवटच्या आठवड्यात आठवड्यातून किमान तीनदा वापरणारे जेमतेम ५५ टक्के उरले होते, हे तो सांगत नाही. अशाच रुग्णांवर जर्मनीत झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीचाही त्यात उल्लेख नाही. तिथे घरून आलेल्या वजन, रक्तदाब, हृदयालेख (ईसीजी) यांच्या नोंदी पाहायला चोवीस तास डॉक्टर आणि परिचारिका बसलेल्या होत्या. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात दर १०० रुग्णांमागे वर्षाला ११.३ मृत्यू झाले, तर घरून नोंदी पाठवणाऱ्या गटात ७.९. दोन्ही चाचण्या रुग्णांवरच्या होत्या, नातेवाइकांवरच्या नव्हेत, हे मान्य करायला हवे. तरीही अशा हृदयरुग्णाचे तीन दिवसांत वजन दोन किलोंहून अधिक वाढले तर शरीरात पाणी साठत असण्याची शक्यता असते, आणि रोज सकाळी वजनकाटा पुढे करून आकडा टिपून ठेवणारे माणूस बहुधा घरातलेच असते. तो आकडा पाहून उलट फोन करणारे कोणी असेल, तरच त्या टिपणाला अर्थ आहे.

स्मार्टफोनच्या अडचणीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. साध्या फोनवर ध्वनिमुद्रित सूचना ऐकवता येतात.

अंग काढून घेण्याचा आरोप काही ठिकाणी लागू पडतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. संदेश फक्त येतात आणि उत्तर दिल्यास पलीकडे कोणीच नसते, अशी व्यवस्था दिखाऊच म्हणायची. परंतु त्यावरून माध्यमालाच दोष देणे चुकीचे आहे. नवजात बाळाचा श्वास पूर्ण मिनिटभर कसा मोजायचा, हे चित्रफितीत पाहिलेली आजी बाळ शांत असताना ६० किंवा त्याहून अधिक श्वास मोजते, तेव्हा तिला पुढची चित्रफीत नको असते. बाळाला घेऊन लगेच रुग्णालयात निघा, असे सांगणारा आवाज हवा असतो. तो देणे रुग्णालयाचेच काम आहे. त्यासाठी आधी एक साधी दुरुस्ती व्हायला हवी: नोंदवहीत बहुतेकदा दाखल करायला आलेल्या माणसाचा क्रमांक असतो, रात्री उशाशी बसणारीचा नसतो, आणि डिस्चार्जच्या वेळी तो विचारून घ्यायला अर्धे मिनिटही लागत नाही.