४८ हजार फी, १३ हजार पगार: एका पालकांच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार भाऊ,

आमच्या संस्थेबद्दलचा तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सहा महिन्यांच्या एसी-फ्रिज दुरुस्तीच्या कोर्सचे ४८ हजार घेतले, मुलाला पगार १३ हजार, सांगितले होते २५ हजार, निम्मा वेळ तांब्याच्या नळ्या कापण्यात गेला, आणि हेच आयटीआयमध्ये नाममात्र फीत शिकवतात. प्रवेशाच्या विचारात असलेले दुसरे पालकही इथे येतात, म्हणून उत्तर इथेच देतो.

आधी पैसा. तुमचा हिशेब मला कमीच वाटला. ४८ हजारांत हत्यारं नाहीत. क्लॅम्प मीटर, मॅनिफोल्ड गेज, फ्लेअरिंग टूल, छोटा व्हॅक्यूम पंप असं कामापुरतं किट जमवायला २० हजारांच्या आसपास लागतात. शिवाय कोर्स न करता मुलगा सरळ हेल्पर म्हणून लागला असता तर महिन्याला ९ हजार तरी घरात आले असते. सहा महिन्यांचे ते ५४ हजार. खरा खर्च असा सव्वा लाखाच्या घरात जातो. त्यासमोर जास्तीची कमाई १३ आणि ९ मधला फरक, म्हणजे महिना ४ हजार. या चालीने खर्च भरून निघायला अडीच वर्षं लागतील. पहिल्या वर्षी फी वसूल होत नाही, आणि माहितीपत्रकात ‘पहिलं वर्ष हेल्पर’ असं छापलेलंच आहे. २५ हजारांचा आकडाही त्याच पानावर आहे, पण तो दुसऱ्या उन्हाळ्याचा, इन्सेन्टिव्ह धरून.

या धंद्यात पहिल्या पगारापेक्षा दुसरा उन्हाळा बघावा लागतो. होळी झाली की फोन सुरू होतात. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, जेवायला सवड नसते. पहिल्या पावसानंतर हवा दमट झाली की कूलर निकामी, मग आणखी काही दिवस एसीवाल्यांची धावपळ. (मे २०२४ मध्ये नागपुरात एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि सेन्सर बिघडल्याचं हवामान खात्याने नंतर सांगितलं. पण दुपारी गच्चीवर आउटडोअर युनिटच्या गरम झोतासमोर बसलेल्या पोराला तो आकडा खोटा वाटला नसेल.) या काळात स्वतःचे कॉल घेणारा मुलगा दिवसाला चार-पाच सर्व्हिसिंग करतो. एकीचे पाचशे धरा. पेट्रोल आणि सटरफटर खर्च जाऊन दीड हजार हातात राहतात. अडीच महिन्यांत लाखाच्या जवळपास. मग जुलैपासून तोच मुलगा दिवसाला एका कॉलची वाट बघतो. तुमच्या मुलाला ऑगस्टमध्ये ‘काम कमी आहे’ म्हणून घरी बसवलं, त्याचं कारण हेच. थंडीत गिझर, वॉशिंग मशीन, फ्रिज यांच्यावर निभतं. ज्याला हे चढउतार झेपत नाहीत त्याने कॉलच्या मागे न लागता प्लँटची नोकरी धरावी: नागपूरजवळच्या बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांतले चिलर (पाणी थंड करणारी मोठी यंत्रं), विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पातलं सेंट्रल एसी, हॉस्पिटलची ऑपरेशन थिएटरं, कळमन्याकडची कोल्ड स्टोरेज. तिथे शिफ्ट ड्युटी असते, उन्हाळ्याची वरकमाई नसते, पण बाराही महिने पगार येतो.

आता नळ्या. यावर मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. हल्लीच्या नव्या घरगुती एसीत बहुतेक आर-३२ गॅस असतो. त्याचं प्रेशर जुन्या आर-२२ पेक्षा दीडपटीहून जास्त, आणि तो थोडा ज्वलनशीलही आहे. फ्लेअर, म्हणजे जोडासाठी पसरवलेलं नळीचं तोंड, वाकडा बसला की गॅस हळूहळू गळणार. ब्रेझिंग करताना, म्हणजे रॉड वितळवून नळ्या जोडताना, नळीतून नायट्रोजन सोडला नाही तर आत काळी खपली धरते आणि पुढे कॅपिलरी (गॅसची बारीक नळी) किंवा व्हॉल्व्ह चोक होतो. व्हॅक्यूम न करता थोडा गॅस सोडून हवा काढली, तर आत राहिलेला ओलावा तेलात मिसळून आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसर जातो. गॅस सोडून हवा काढणं बाजारात सर्रास चालतं, कारण पंप तिसऱ्या मजल्यावर न्यायचा कंटाळा! त्याहून भयंकर म्हणजे नायट्रोजन संपला म्हणून ऑक्सिजनने प्रेशर टेस्ट करणं. आत तेल असतं, स्फोट होऊन माणसं मेलेली आहेत. म्हणून सरळ जोड हाताला बसेपर्यंत आम्ही मुलाला चालू मशीनला हात लावू देत नाही. फीमधला मोठा भाग याच सरावाच्या तांब्यात, चांदीच्या रॉडमध्ये आणि गॅसमध्ये जातो. व्हिडिओ बघून हे कळतं, पण हात तयार होत नाही.

आयटीआयबद्दल तुमचं बरोबर आहे, मी स्वतः पालकांना हेच सांगतो. मुलगा गणित-विज्ञान घेऊन दहावी पास असेल, वय हाताशी असेल आणि सरकारी आयटीआयमध्ये हा ट्रेड मिळत असेल, तर आमच्याकडे येऊ नका. तो दोन वर्षांचा कोर्स आहे, पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली विद्यावेतनासह अप्रेंटिसशिप मिळू शकते, आणि रेल्वेच्या तंत्रज्ञ भरतीत ते प्रमाणपत्र चालतं. आमचं चालत नाही. आमच्याकडे येतात ते प्रवेश हुकलेले, बारावीनंतर अडकलेले, नाहीतर घरी दोन वर्षं थांबण्याची ऐपत नसलेले पोट्टे.

कोर्स पूर्ण झालेल्या बॅचची फी परत करत नाही, हे पावतीच्या मागे लिहिलेलं आहे. मुलगा सध्या रिकामा असेल तर दिवाळीपर्यंत सकाळच्या बॅचला पाठवा. प्लँटच्या मुलाखतीत कंट्रोल वायरिंग आणि चिलरचं विचारतात, तेवढी तयारी करून घेऊ. त्याचे पैसे नाहीत. येताना त्याचा स्वतःचा क्लॅम्प मीटर मात्र आणायला सांगा.