31 नंबरचा फोटो

यंदा गणपतीत आमच्या मंडळानं फोटोस्पर्धा ठेवली. विषय ‘आपला मराठवाडा’. परीक्षक नेमायचा नाही हे आधीच ठरलं होतं. मागच्या वर्षी रांगोळीला ज्या बाई परीक्षक होत्या, त्यांना दोन घरांतून अजून हळदीकुंकवाचं बोलावणं येत नाही. म्हणून मतदान. घरटी एक चिठ्ठी, तिच्यावर पसंतीचे तीन नंबर. फोटोवर नाव नाही. मतदान गुप्त. फक्त बोगस मतं पडू नयेत म्हणून चिठ्ठीवर आपला घर नंबर लिहायचा.

आदल्या रात्री मेव्हणा आला. गेल्या दिवाळीत त्यानं हप्त्यावर कॅमेरा घेतलाय. म्हणाला, “दाजी, नंबर सांगणार नाही, नियम हाय. पर वळखाल तुम्ही. पाणी हाय त्यात.”

लातूरच्या माणसाला एवढी खूण पुरायला हवी होती.

सकाळी मंडपात गेलो. नायलॉनच्या दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी 46 फोटो वाळत घातलेले, आणि फर्राट्या पंख्याच्या वाऱ्यानं निम्मे पाठ फिरवून उभे. मी वही काढली. प्रकाश, मांडणी, क्षण अशा तीन रकान्यांत गुण मांडायला बसलो. पहिल्या फोटोला कडक हातानं 5 दिले. विसाव्यापर्यंत माझं मन विरघळलं होतं आणि तसल्याच फोटोला 8 जात होते. हा पहिल्या नंबरवर अन्याय. मग 46 पासून उलटं येत पुन्हा मोजलं. या खेपेला पहिला फोटो चहानंतर आला, त्याला 9 पडले. सरासरी काढली.

खरी अडचण वेगळीच होती. वेरूळचं कैलास लेणं एकूण सात फोटोंत. डोंगर शिखरापासून खाली कोरत आणलाय, कुठूनही बटण दाबा, फोटो चांगलाच येणार. त्यात कोरणाऱ्याचे गुण किती आणि दाबणाऱ्याचे किती? एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, तिचा एक हललेला फोटो होता. घागरी, गर्दी, आणि एका कोपऱ्यात फोटोवाल्याचं स्वतःचं बोट. तरी त्याच्यापुढं दोन बायका पदर डोळ्याला लावून उभ्या. मीही हललो. पण ते आठवणीला मत झालं असतं, फोटोला नाही. सुरकुतलेल्या आज्या पाच होत्या. म्हातारीचा चेहरा जवळून काढला की कला होते, अशी आमच्याकडं समजूत आहे. एकानं लोणार धाडलं होतं. ते बुलढाण्यात, म्हणजे विदर्भात. बाद.

आणि तो चंद्राचा. बीबी का मकबरा, घुमटामागं मावळता लाल सूर्य, आणि त्याला खेटून परातीएवढा पूर्ण चंद्र. मला राहवलं नाही. भोवतालच्या चार जणांना मोठ्यानं समजावलं, की पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना समोर पूर्वेला उगवतो, तो सूर्याच्या शेजारी येईलच कसा? मागून मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, “अस्सं?” आणि फोटो सरळ करून निघून गेले.

राहिलं पाणी. 12 नंबरला नळदुर्ग किल्ल्यातला पाणीमहाल होता. बोरी नदीला पूर असताना नर-मादी धबधबे कोसळतात, तो देखावा. पाणी रेशमासारखं, म्हणजे शटर सावकाश, म्हणजे महागडा कॅमेरा, म्हणजे मेव्हणा! मी सावध झालो. नात्याची माया नको म्हणून मोबाइलमधली पाणसळ फोटोला लावली. दीड अंशानं कलला होता. सगळे गुण कापले. बायको म्हणाली, “काय बघलालाव एवढं? छान आहे की.” मी न्यायाधीशासारखा गप्प.

31 नंबरचा मात्र निखळ होता. गंजगोलाईच्या बाजारात पाऊस, कांदेवाला स्वतः भिजत कांद्यावर मेणकापड ओढतोय, आणि डबक्यात त्याची उलटी सावली. ओळखीचं कुणी असं थांबून बघणारं नाही, हे मला माहीत होतं. पहिली पसंती तिथं दिली.

संध्याकाळी चिठ्ठ्या मोठ्यानं वाचल्या गेल्या. घर नंबरासकट. “घर नंबर 17, पहिली पसंती 31.” निकालात पहिलं बक्षीस अध्यक्षांच्या विठ्ठल झालेल्या नातवाला. 31 ला आमच्यासकट चार मतं. मग नावं फोडली. 31 म्हणजे मेव्हणा.

मंडपात “हां हां” असा लांबलचक आवाज झाला. डबक्यातही पाणी असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मेव्हणा जवळ येऊन कानात म्हणाला, “दाजी, एवढं उघड नको होतं करायला.” बायकोनं लग्नानंतर पहिल्यांदाच चारचौघांत माझ्याकडं कौतुकानं बघितलं. मी वही दाखवायला लागलो, तर एकानं विचारलं, वही कधी लिहून आणली?

12 नंबर आमच्या घरमालक काकांचा निघाला. वय 74. जिन्यात भेटले. म्हणाले, “तुम्ही पाणसळ लावत होतात म्हणं. ट्रायपॉड नव्हता हो, कठड्यावर विटकर ठेवली. उजेड फार होता, म्हणून मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा चष्मा लेन्सपुढं धरला. हात तेवढा हलला असंल.”

मला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. पण निकाल लागून गेला होता.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावर पाणी चढलं नाही. मोटार बिघडली असेल. मी तसंच समजतो. दोन बादल्या घेऊन मेव्हण्याच्या दारात गेलो, भरल्या, आणि निघालो तर तो आतून ओरडला, “थांबा दाजी, हलू नका. उजेड लै भारी पडलाय.”