रेणू सेन्सरपर्यंत पोचायला तर हवा!

‘एकेक रेणू मोजणारे सेन्सर आले की नमुना तयार करण्याची कटकट संपेल’ हे तुमच्या सेन्सरवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. १ फेम्टोमोलर, म्हणजे अतिशय विरळ, द्रावणाच्या १ मायक्रोलिटर थेंबात रेणू असतात जेमतेम ६००. त्यातले बरेचसे व्हायलच्या (नमुन्याच्या छोट्या बाटलीच्या) काचेलाच चिकटून बसले, तर नॅनोपोरच्या, म्हणजे अशा एका सेन्सरच्या, अतिसूक्ष्म छिद्रापर्यंत पोचणार कोण? समोर आलंच नाही ते मोजणार कसं?

मी रबाळे एमआयडीसीत एका टेस्टिंग लॅबमध्ये आहे. तळोज्याहून सांडपाण्याचे नमुने येतात, वर तेलाचा तवंग, तळाशी काळा गाळ. आधी गाळायचं, मग एक्स्ट्रॅक्शन (हवा तो पदार्थ वेगळा काढणं), तेव्हा कुठे जीसीत (गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्रात) इंजेक्शन. नॅनोपोर तर पहिल्याच फटक्यात तुंबेल. डीएनए वाचायला तो झकास, मान्य. पण तिथेही डीएनए आधी शुद्ध करूनच घालतात, ते का नाही लिहिलं?